वर्षभराचा सांस्कृतिक महोत्सव आणि परदेशी भागीदार: कोणाची सेवा खरंच कामाला येते

एखाद्या शहराला ‘संस्कृतीची युरोपीय राजधानी’ हा मान मिळाला की वर्षभराचे शेकडो कार्यक्रम ठरतात. त्यातले बरेचसे परदेशी संस्थांच्या मदतीवर उभे असतात. या मदतीकडे सहसा रकमेच्या हिशेबाने पाहिलं जातं, कोण किती देतो एवढंच विचारलं जातं. आमच्या मते ही मोजपट्टीच चुकीची आहे. भागीदाराचा होकार कोणत्या महिन्यात लेखी हातात पडतो आणि खर्चाची नेमकी कोणती बाब तो अंगावर घेतो, यावर त्या भागीदारीची किंमत ठरते. खाली ज्या सेवा तपासल्या आहेत त्या याच दोन कसोट्यांवर. त्यात कस्टम्सचं एक कागदी पुस्तकही आहे. मोठ्या नावांच्या अनेक करारांपेक्षा त्याचा उपयोग जास्त होतो, म्हणून त्यावर सविस्तर लिहिलं आहे.

आधी वेळापत्रक समजून घेऊ. ही योजना १९८५ मध्ये अथेन्सपासून सुरू झाली. ग्रीसच्या तेव्हाच्या सांस्कृतिक मंत्री मेलिना मर्कुरी यांनी ती पुढे आणली. सध्याच्या नियमांनुसार मानाच्या वर्षाच्या सहा वर्षं आधी अर्ज मागवतात, साधारण चार वर्षं आधी शहराचं नाव ठरतं आणि मग तज्ज्ञ मंडळ तीनदा तपासणी करतं: तीन वर्षं आधी, दीड वर्ष आधी आणि दोन महिने आधी. मंडळाचं समाधान झालं तर मेलिना मर्कुरी पारितोषिकाचे १५ लाख युरो मिळतात, मात्र त्यासाठी मुदत आहे ती मानाच्या वर्षाच्या मार्चअखेरपर्यंतची. उद्घाटन जानेवारीत आणि पैसे मार्चमध्ये, अशी वेळ येऊ शकते. पहिल्या तिमाहीतल्या पथकांची तिकिटं या रकमेतून काढायचा बेत केला, तर तिकिटं काढायच्या वेळी खात्यात काहीच नसतं. ही फट पालिकेची हमी किंवा बँकेची उचल घेऊन बुजवावी लागते, आणि ती तजवीज दीड वर्ष आधीच्या तपासणीपूर्वी झालेली बरी.

राष्ट्रीय सांस्कृतिक संस्था

ब्रिटिश कौन्सिल (स्थापना १९३४), गोएथे इन्स्टिट्यूट (१९५१), जपान फाउंडेशन (१९७२) आणि त्यांच्यासारख्या इतर संस्था हे पहिलं दार. युरोपातल्या अशा संस्थांचं ‘युनिक’ नावाचं जाळं २००६ पासून आहे, त्यामुळे एका शहरातल्या अनेक संस्थांशी एकाच बैठकीत बोलता येतं. त्यांची खरी ताकद पैशात नाही, माणसांच्या ओळखीत आहे. कोणतं नाट्यपथक सध्या दौऱ्यावर आहे, कोणत्या चित्रकाराचं काम कोणत्या संग्रहात आहे, कोण चांगला अनुवादक, हे त्यांना आतून ठाऊक असतं. संशोधनासाठी निवडकर्त्याला आठवडाभर पाठवायचं असेल तर यांच्याइतकी चांगली सोय दुसरीकडे मिळणं कठीण.

अडचण येते ती आर्थिक वर्षाची. ब्रिटन आणि जपानचं वर्ष एप्रिल ते मार्च, जर्मनीचं जानेवारी ते डिसेंबर. महोत्सवाचं वर्ष जानेवारीत सुरू होतं, म्हणून जानेवारी ते मार्चचे कार्यक्रम ब्रिटिश किंवा जपानी भागीदाराच्या आदल्या आर्थिक वर्षात पडतात आणि उरलेले पुढच्या. एकच पत्र देऊन वर्षभराची मदत मागितली तर त्यातला अर्धा भाग मंजूर होतो आणि अर्धा ‘पुढच्या वर्षी पाहू’ म्हणून लटकतो. अर्ज पहिल्यापासूनच दोन तुकड्यांत करावा. जर्मन बाजूला वेगळीच जोखीम असते. केंद्रीय अंदाजपत्रक वेळेत मंजूर झालं नाही तर हंगामी कारभार चालतो आणि नव्या कामांना हात आखडता घेतला जातो. २०२५ चं जर्मन अंदाजपत्रक संसदेने सप्टेंबरमध्ये मंजूर केलं, हे उदाहरण ताजं आहे.

दुसरी गोष्ट म्हणजे ‘मोफत’ कार्यक्रम मोफत नसतो. अशा संस्था बहुतेक वेळा प्रवास आणि राहण्याचा खर्च उचलतात, कधी मानधनही. रंगमंचाची बांधणी, ध्वनी आणि प्रकाश, स्थानिक कामगार, संवादांची भाषांतरपट्टी, मालवाहतूक हे सगळं यजमानाकडे उरतं. करारात ‘तांत्रिक खर्च यजमान करेल’ एवढं एकच वाक्य असेल तर सही करू नये. पथकाचं तांत्रिक पत्रक मागवून त्यातली प्रत्येक वस्तू कोण आणणार हे नावानिशी लिहून घ्यावं. नेपथ्यातले पडदे आणि कापड आगप्रतिबंधक असल्याचं प्रमाणपत्र याच वेळी मागावं. जर्मन नाट्यगृहं बी-१ दर्जाचा दाखला मागतात. तो नसेल तर अग्निसुरक्षा अधिकारी प्रयोगाच्या दिवशी सकाळी पडदे उतरवायला लावतो, आणि त्याचं बरोबरच असतं.

ईयू-जपान फेस्ट

१९९३ च्या अँटवर्पपासून ही जपानी समिती दरवर्षीच्या संस्कृती राजधान्यांबरोबर काम करते आहे. पैसा मुख्यतः जपानी कंपन्यांकडून येतो. तपासलेल्या सेवांमध्ये आमचा सर्वांत चांगला शेरा हिच्यासाठी आहे. कारण साधं आहे. ही समिती एकाच कामासाठी बनली असल्यामुळे तिला महोत्सवाचं वर्ष कसं चालतं हे समजावून सांगावं लागत नाही. आधीच्या शहराचे अनुभव तिच्याकडे साठलेले असतात, दर वर्षी नव्या कार्यालयात नव्या माणसांना ते कुठूनच मिळणार नाहीत. छोट्या, स्थानिक पातळीवरच्या प्रकल्पांनाही ती जवळ करते, ही आणखी जमेची बाजू.

मर्यादा एवढीच की मदत अंशतः असते आणि ती जपानी कलाकारांच्या सहभागाशी बांधलेली असते. उरलेली रक्कम यजमानाने आधी बाजूला काढून ठेवलेली हवी. तांत्रिक बाजूने एक बाब हमखास विसरली जाते. जपानची वीज १०० व्होल्टची, युरोपची २३० व्होल्टची. व्हिडिओ कलाकृती, जुने ॲम्प्लिफायर, खास बनवलेले मोटर लावलेले शिल्पप्रकार थेट जोडले तर जळतात. प्रत्येक यंत्राचे वॅट मोजून, त्याच्या दीडपट क्षमतेचा स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर भाड्याने घ्यावा. मोटर असेल तर ५० आणि ६० हर्ट्झचा प्रश्नही विचारावा, कारण पूर्व जपान ५० वर आणि पश्चिम जपान ६० वर चालतं. ओसाकात नीट फिरणारी साधी एसी मोटर युरोपात सावकाश फिरते आणि तापते. ट्रान्सफॉर्मरने व्होल्टेज बदलतं, हर्ट्झ बदलत नाहीत.

युरोपीय संघाचे दोन मार्ग

‘कल्चर मूव्ह्ज युरोप’ २०२२ मध्ये सुरू झालं, चालवतं गोएथे इन्स्टिट्यूट. पहिल्या टप्प्यात एकट्या कलाकाराला ७ ते ६० दिवसांच्या प्रवासासाठी मदत होती: अंतरानुसार ३५० किंवा ७०० युरो प्रवासखर्च, दिवसाला ७५ युरो भत्ता, आणि विमानाऐवजी रेल्वेने किंवा बसने आल्यास आणखी ३५० युरो. अर्ज सोपा, निर्णय त्यातल्या त्यात लवकर. पण हा अर्ज कलाकार करतो, महोत्सव नाही. म्हणून ही रक्कम महोत्सवाच्या अंदाजपत्रकात जमेला धरता येत नाही. यजमानाने करायचं ते एवढंच की तारखा, काम आणि यजमानाची जबाबदारी स्पष्ट लिहिलेलं निमंत्रणपत्र लवकर द्यायचं. ही सोय ‘क्रिएटिव्ह युरोप’ या संघाच्या सांस्कृतिक निधी योजनेतल्या देशांत राहणाऱ्या कलाकारांसाठी आहे, भारतात राहणाऱ्या कलाकाराला ती लागू नाही.

‘क्रिएटिव्ह युरोप’चे सहकार्य प्रकल्प मोठ्या कामांसाठी. लहान प्रकल्पाला तीन देशांतल्या किमान तीन संस्था लागतात, मदत २ लाख युरोपर्यंत आणि खर्चाच्या ८० टक्क्यांपर्यंत. मध्यम प्रकल्पाला पाच देशांतल्या पाच संस्था, १० लाख युरो आणि ७० टक्के. मोठ्याला दहा देशांतल्या दहा संस्था, २० लाख युरो आणि ६० टक्के. भागीदार वाढले की रक्कम वाढते, पण स्वतःचा वाटाही वाढतो, हे गणित अनेकांच्या लक्षात उशिरा येतं. पैसे कामाच्या टप्प्यांनुसार ठोक रकमेत मिळतात. पावत्या दाखवायच्या नसतात हे सुखाचं, पण एखादा टप्पा अपुरा राहिला तर त्या टप्प्याची रक्कम धोक्यात येते. म्हणून ‘तीन शहरांत दौरा’ असा एकच मोठा टप्पा लिहू नये. प्रत्येक शहर वेगळा टप्पा करावं, म्हणजे एका ठिकाणचा प्रयोग रद्द झाला तरी बाकीच्या दोन शहरांचे पैसे अडकत नाहीत. महोत्सवाच्या वर्षातच अर्ज करायचा विचार असेल तर सोडून द्या, निकाल येईपर्यंत वर्ष सरलेलं असतं.

एटीए कार्नेट: सगळ्यांत दुर्लक्षित, सगळ्यांत उपयोगी

वाद्यं, नेपथ्य, प्रकाशयोजनेचं सामान, चित्रं हे सगळं देशाबाहेर नेऊन परत आणायचं असतं. दर सीमेवर आयातशुल्काची अनामत भरत बसण्याऐवजी वाणिज्य मंडळांच्या जागतिक साखळीतून मिळणारं एटीए कार्नेट वापरता येतं. भारतात ते फिक्की देते. हिरव्या मुखपृष्ठाचं हे पुस्तक उघडलं की आत पिवळी पानं मूळ देशातून निघताना आणि परतताना, पांढरी पानं पाहुण्या देशात शिरताना आणि बाहेर पडताना, निळी पानं मधल्या देशातून नुसतं पार होताना. प्रत्येक पानाचा व्हाउचर अधिकारी फाडून घेतो आणि स्थळप्रतीवर शिक्का मारून ती पुस्तकात ठेवतो. सगळा जीव त्या स्थळप्रतीत असतो.

सर्वसाधारण यादी हा या पुस्तकाचा कणा. अनुक्रमांक, वर्णन, नगांची संख्या, वजन, किंमत, मूळ देश. इथे ‘ध्वनिसाहित्य, १ संच’ असं लिहिणं म्हणजे अडवणुकीला निमंत्रण. ‘कंडेन्सर मायक्रोफोन, अमुक कंपनी, अमुक अनुक्रमांक, २ नग’ असं लिहावं, आणि पेटीच्या बाहेर तोच यादीक्रमांक चिकटवावा. अधिकारी तीन-चार वस्तू उघडून पाहतो. त्या पटकन सापडल्या तर दहा मिनिटांत सुटका होते. कार्नेट एकदा निघालं की यादीत भर घालता येत नाही. शेवटच्या क्षणी आणलेला एक कीबोर्ड यादीबाहेर राहिला तर त्याच्यासाठी वेगळी प्रक्रिया करावी लागते. संपणाऱ्या वस्तू, म्हणजे छापील पत्रकं, रंग, विकायच्या सीडी, यादीत घालू नयेत, कारण त्या परत जाणार नाहीत.

चुका होतात त्या तीन ठिकाणी. पहिली, शिक्का राहून जाणं. रात्री उशिरा परतणारा ट्रक कस्टम्सच्या खिडकीवर न थांबता पुढे गेला की पांढऱ्या पानावर बाहेर पडल्याची नोंद होत नाही. माल घरी पोचलेला असतो, पण कागदोपत्री तो अजून त्या देशात असतो, म्हणून शुल्काची मागणी येते. दुसरी, तारीख. कार्नेट जास्तीत जास्त एक वर्षाचं, ते निघाल्याच्या दिवसापासून मोजायचं. शिवाय अधिकारी प्रवेशाच्या वेळी स्थळप्रतीवर परत नेण्याची अंतिम तारीख लिहितो, ती पुस्तकाच्या मुदतीच्या आधीची असू शकते. काउंटर सोडण्याआधी ती वाचावी. वर्षभर मांडून ठेवायच्या प्रदर्शनाला कार्नेट पुरत नाही: दोन महिने आधी माल हलला आणि डिसेंबरअखेर उतरवला की मुदत उलटते. अशा वेळी युरोपीय संघाच्या तात्पुरत्या आयातीची परवानगी घ्यावी, तिथे एकूण २४ महिन्यांपर्यंत जागा मिळते.

तिसरी चूक नकाशाची. संस्कृती राजधानी संघाबाहेरही असते. २०२२ चं नोव्ही साद सर्बियात, २०२४ चं बोडो नॉर्वेत. नॉर्वे शेंगेनमध्ये, म्हणजे आपापसांत पासपोर्ट न तपासणाऱ्या देशांच्या गटात, आहे पण संघाच्या कस्टम्स क्षेत्रात नाही. माणसं पासपोर्ट न दाखवता जातात, व्हायोलिनला मात्र कागद लागतो. अशा वेळी संघातल्या शहरातून जाणाऱ्या पथकालाही कार्नेट काढावं लागतं, आणि हे कलाकारांना कोणी सांगितलेलं नसतं.

लाकडाबद्दल दोन गोष्टी. क्रेटचं लाकूड आयएसपीएम-१५ या लाकडातली कीड रोखणाऱ्या आंतरराष्ट्रीय नियमाप्रमाणे तापवलेलं हवं, लाकडाच्या गाभ्याचं तापमान ५६ अंश सेल्सिअसवर ३० मिनिटं, आणि त्यावर ‘एचटी’ची (तापवल्याची) छापील खूण हवी. खूण नसलेलं क्रेट बंदरावर अडकतं. प्लायवूडला हा नियम लागत नाही, पण प्लायवूडच्या पेटीला खालून ठोकलेल्या कच्च्या लाकडाच्या पट्ट्यांना लागतो, आणि नेमक्या त्याच विसरल्या जातात. वाद्यांच्या लाकडाचं वेगळं. शिसवाच्या जातीपासून बनलेल्या तयार वाद्यांना नोव्हेंबर २०१९ पासून साइटिसच्या (दुर्मीळ प्राणी-वनस्पतींच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या) परवान्यातून सूट आहे, पण ब्राझिलियन रोझवूडला नाही. हस्तिदंत किंवा कासवाच्या पाठीचा तुकडा वाद्यात असेल तर वाद्य-प्रमाणपत्र काढावं. ते तीन वर्षांपर्यंत चालतं आणि दर सीमेवर त्यावरही शिक्का लागतो.

चित्रं आणि वस्तू पोचल्यावर क्रेट लगेच उघडू नये. दालनाच्या हवेत २४ तास तसंच ठेवावं. थंड ट्रकमधून आलेल्या लाकडी चौकटीवर बाष्प धरतं आणि रंगाचा थर उचलला जातो. उघडताना दोन्ही बाजूंच्या माणसांसमोर स्थिती-अहवाल भरावा, कोपऱ्यांचे आणि मागच्या बाजूचे फोटो घ्यावेत. विमा भिंतीवरून भिंतीपर्यंतचा, म्हणजे वस्तू मूळ जागेवरून उतरवल्यापासून परत तिथे लागेपर्यंतचा, असेल तर तो कोणी काढायचा हे भागीदारी करारात लिहिलेलं हवं. दोघांनी काढला तर पैसे वाया जातात, एकानेही काढला नाही तर काय होतं ते सांगायला नको.

कर आणि व्हिसा

परदेशी कलाकाराचं मानधन बहुतेक देशांत कार्यक्रम जिथे झाला तिथे करपात्र असतं आणि यजमानालाच ते कापून भरावं लागतं. केमनिट्झ २०२५ ची राजधानी होती, म्हणून जर्मनीचं उदाहरण घेऊ. प्रति प्रयोग २५० युरोपेक्षा जास्त मानधनावर १५ टक्के कर आणि त्या करावर ५.५ टक्के अधिभार, म्हणजे १५.८२५ टक्के. करारात ‘कलाकाराच्या हातात १०,००० युरो’ असं लिहिलं तर यजमानाला ११,८८० युरो मोजावे लागतात, त्यातले १,८८० कराचे. ‘एकूण मानधन’ की ‘हातात पडणारी रक्कम’ हा शब्द करारात न लिहिल्याने होणारी भांडणं टाळता येण्यासारखी आहेत.

इथेच राष्ट्रीय संस्थेची भागीदारी पैशापलीकडे उपयोगी पडते. अनेक द्विपक्षीय करारांत अशी तरतूद असते की दौरा कलाकाराच्या देशाच्या सरकारी पैशावर पूर्णपणे किंवा मोठ्या प्रमाणात चालला असेल तर यजमान देश कर घेत नाही. मात्र त्यासाठी निधी सरकारी असल्याचं पत्र आणि जर्मन केंद्रीय कर कार्यालयाचं सूटपत्र मानधन देण्याआधी हातात हवं. त्याला महिने लागतात. पत्र उशिरा आलं तर आधी कर कापायचा आणि मग परतावा मागत बसायचं. म्हणून निधीचं पत्र मागताना ‘सार्वजनिक निधी’ हे शब्द आणि त्याचं प्रमाण नमूद करायला सांगावं. एका वाक्याने हजारो युरो वाचतात.

व्हिसाबद्दल थोडक्यात. शेंगेनचा अल्पकाळाचा व्हिसा १८० दिवसांत ९० दिवस, शुल्क ९० युरो, वैद्यकीय विमा किमान ३०,००० युरोचा, अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो. ज्या देशात मुक्काम जास्त, त्याच देशाकडे अर्ज करायचा. मधेच सर्बियात किंवा आयर्लंडमध्ये कार्यक्रम असेल तर अनेक प्रवेशांचा व्हिसा मागावा, नाहीतर पथक परत शेंगेनमध्ये येऊ शकत नाही. पंधरा जणांच्या पथकात एकाचा अर्ज अडकला तर प्रयोगच अडकतो, म्हणून निमंत्रणपत्रात प्रत्येकाची भूमिका, पारपत्र क्रमांक आणि नेमका मुक्काम लिहावा.

महोत्सव संपल्यानंतर

वर्षासाठी उभी केलेली कंपनी किंवा न्यास काही महिन्यांत बंद होतो, माणसं पांगतात, पण भागीदारांचे शेवटचे हप्ते अंतिम अहवालानंतर येतात. कॉव्हेंट्री या २०२१ च्या ब्रिटिश सांस्कृतिक शहराचा न्यास फेब्रुवारी २०२३ मध्ये दिवाळखोरीच्या प्रशासनाखाली गेला. अशा घटनेनंतर येणं कोणाकडे मागायचं आणि देणं कोणी द्यायचं, दोन्ही प्रश्न उरतात. प्रत्येक भागीदारी करारात उत्तराधिकारी संस्था कोणती हे नाव घालून लिहावं, सहसा पालिका. हिशेबाचा एक माणूस पुढच्या वर्षाच्या मध्यापर्यंत पगारावर ठेवावा. त्याचा पगार बहुतेक वेळा एका अडकलेल्या हप्त्यातून निघतो.

आणि कार्नेटची पुस्तकं टाकून देऊ नयेत. मुदत संपल्यावर एक वर्षापर्यंत कस्टम्स शुल्काची मागणी करू शकतं, आणि माल परत गेल्याचा पुरावा द्यायला सहा महिने मिळतात. वाणिज्य मंडळाला मूळ पुस्तक परत करण्याआधी प्रत्येक शिक्का मारलेल्या स्थळप्रतीची रंगीत प्रत काढून ती पालिकेच्या अभिलेखागारात, पथकाच्या नावाने, ठेवावी.